सांगलीच्या मशिदीतला लुकमा

रहिमतपूर
ता. २४ ऑगस्ट १९४४, चौथा रोजा

चिरंजीव अल्लाबक्ष यास रहिमतपुराहून हुसेनबी दादीचे ओंजळभर आशीर्वाद आणि दुआ. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं, पण गाव फिरून पोचलं. कुराणाचे तीसही सिपारे तोंडपाठ केलेल्या माणसाला आपली दादी कुठल्या गल्लीत राहते ते आठवू नये, याचं इथं सगळ्यांना नवल वाटलं. पत्त्यावर नुसतं हुसेनबी, रहिमतपूर. गावात हुसेनबी काय एकच हाय का? कार्ड आधी मणेरांच्या हुसेनबीकडं गेलं. तिनं ते कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि माझ्याकडं येऊन मलाच सांगितलं, की तुझा नातू सांगलीत खुशाल आहे. पुढच्या खेपेला आतार गल्ली एवढं तरी लिही. नाहीतर तिलाच लिहीत जा, म्हणजे पोस्टमनचा एक हेलपाटा वाचेल.

हे पत्र चंद्राबाई लिहिते आहे, आपल्या शेजारच्या मास्तरांची. मी हाय म्हणते, ती आहे लिहिते. वर एक हाय निसटू दिला तो माझ्या हट्टानं. तिनं सवयीनं कागदाच्या डोक्यावर श्री काढला, मग जीभ चावून विचारलं, की खोडू का. मी म्हटलं, राहू दे, खाडाखोड केलेला कागद वाईट दिसतो.

तर कार्डात तू लिहिलंस, तब्येत ठीक, मशीद हवेशीर, लोक मायेचे, फक्त इथं लुकमा देणारा कोणी नाही. चंद्राबाई लुकम्यावर अडली. मी सांगितलं, लुकमा म्हणजे घास. तिनं चष्मा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाली, आवं, म्हणजे पोरगं उपाशी आहे. मग मलाही बसवेना. सांगली म्हणजे केवढी पेठ, गुळाच्या ढेपांनी रस्ते चिकट झालेले, आणि रमजानात मुद्दाम बोलावून नेलेल्या हाफिजाला घास द्यायला माणूस मिळू नये?

गावातला केरबा अडतीच्या कामाला शनिवारी तिकडं येतोय. त्याच्याजवळ दशम्या, शेंगांची चटणी आणि थोडे तिळाचे लाडू दिलेत. मेतकूट चंद्राबाईचं आहे, पहाटे रोजा धरायच्या आधी सहेरीला भातावर घे. लोकांदेखत खाऊ नकोस, त्यांना वाईट वाटेल. आडोशाला बसून खा, पण खा.

तुझा बाप अत्तराची पेटी डोक्यावर घेऊन बाजार करत फिरला, तो तुला एकदा इमामाच्या जागी उभा बघायचा म्हणून. त्याला बघायला मिळालं नाही. आता गावात तुला नाव घेऊन कोणी हाक मारत नाही, हाफिज म्हणतात. तेव्हा भुकेनं चक्कर येऊन पडू नकोस.

माया आहे तशी राहू दे. दादी.


सांगली
ता. २८ ऑगस्ट १९४४

तीर्थरूप दादीस अल्लाबक्षचा आदबीचा सलाम. चंद्राकाकूंना नमस्कार. वि. वि.

केरबाभाऊ शनिवारी येऊन गेले. दशम्या पाहून मी आधी बुचकळ्यात पडलो, मग तुमचं पत्र वाचलं आणि हसू आवरेना. दादी, मी उपाशी नाही. रोज एका घरून ताट येतं. मी लिहिलेला लुकमा ताटातला नव्हे.

काकूंना कळावं म्हणून सविस्तर लिहितो. रमजानात रोज रात्री तरावीहची नमाज असते. तीत हाफिज पुढं उभा राहून कुराण तोंडपाठ म्हणतो आणि सत्ताविसाव्या रात्रीपर्यंत सबंध पुरं करतो. म्हणता म्हणता अडला, तर मागं उभा असलेला दुसरा जाणता माणूस पुढचा शब्द मोठ्यानं सांगतो. त्याला लुकमा देणं म्हणतात. ज्याला पुढचा शब्द सापडेना, त्याच्या तोंडात घास घालावा तसं. इथं माझ्यामागं सगळे व्यापारी, बागवान आणि विणकर आहेत. भाविक आहेत, पण पाठ कोणालाच नाही.

आता जे झालं ते लिहितो. दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्री मी अडलो. मदरशात घडाघडा म्हणत होतो, पण इथं मागं एवढी माणसं श्वास धरून उभी असली की पुढची वाट धुक्यात जाते. अडलो तेव्हा मागचं सोडून जिथून आठवलं तिथून पुढं गेलो. कोणाला कळलं नाही. बाहेर आल्यावर लोकांनी हात धरून शाबासकी दिली. ती मला फार जड गेली.

मग मी परकारशेठना सांगितलं. हे चिपळूणकडचे, सुपारीचे व्यापारी, इथं बरीच वर्षं आहेत. त्यांना वाटलं, मला फक्त धीर हवा आहे. गाळलेल्या पानांचं मी त्यांनाही बोललो नाही. ते म्हणाले, एवढंच ना, आमच्या कोकणात असा इमाम समोर कुराण उघडं ठेवतो आणि बघून म्हणतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी लाकडी रेहाल आणली, तीवर कुराण शरीफ ठेवलं, आणि आपल्या रेशनमधलं रॉकेल घालून कंदील लावला. त्या रात्री मी एकदाही अडलो नाही.

पण मशिदीचा कारभार बघणारे मुतवल्ली बाबालाल बागवान नमाज संपवून सलाम फिरवल्यावर उठले आणि म्हणाले, की आपण हनफी पंथाचे, आपल्यात बघून वाचल्यानं नमाज तुटते, आज सगळ्यांची नमाज वाया गेली. शेठ म्हणाले, आम्ही शाफई पंथाचे, आमच्यात चालतं, मग आमच्या वाडवडिलांची सगळ्यांची वाया गेली का. आवाज चढले. कालपासून बाबालाल आणि त्यांच्याकडची माणसं बाहेर पडवीत वेगळी जमात करून नमाज पढतात आणि लहान लहान सुरा, म्हणजे कुराणाचे अध्याय, म्हणतात. आत मी, शेठ आणि निम्मे लोक. मधे एक भिंत. त्यांचं आम्हाला ऐकू येतं, आमचं त्यांना. पन्नास वर्षांत असं झालं नाही म्हणतात, आणि ते माझ्यामुळं झालं.

दादी, मी परत येऊ का? डोळे दुखतात असं सांगता येईल. पण परत आलो तर गावात हाफिज म्हणवून घ्यायचं तोंड राहणार नाही, हेही कळतं. मला लहानपणी पाठ देणाऱ्या दस्तगीर उस्तादांना माझ्या वतीनं विचारा, की बघून म्हणू की नको.

चटणी शेठना फार आवडली. आपल्या लेकरावरची मायेची नजर काढून घेऊ नये ही विनंती.

आपला अल्लाबक्ष


रहिमतपूर
ता. ३१ ऑगस्ट १९४४

चिरंजीव अल्लाबक्ष यास दादीचे आशीर्वाद, आणि वर एक धपाटा, तो चंद्राबाईच्या हातानं लिहून पाठवते आहे. वि. वि.

म्हणजे मी दशम्या थापल्या त्या व्याकरणासाठी. आम्ही बायका मशिदीत कधी गेलो, आम्हाला लुकमा ताटातलाच ठाऊक. मणेरांच्या हुसेनबीलाही ठाऊक नव्हता, हे मी मुद्दाम जाऊन विचारून आले. चंद्राबाई मात्र विचारात पडली. म्हणाली, आमच्याकडं सत्यनारायणाला भटजी पोथी उघडून वाचतात, मधे पान चिकटलं तर थुंकी लावून सोडवतात, कोणी त्यांना बाहेर काढत नाही. मी म्हटलं, तुमची कथा आणि आमची नमाज निराळी. निराळी कशी ते तिनं विचारलं. ते मला सांगता येईना, म्हणून मी दस्तगीर हाफिजजींकडं गेले.

ते ओसरीवर बसले होते, डोळे नेहमीसारखे वर लागलेले. लहानपणी देवी आल्या तेव्हा डोळे गेले, तेव्हापासून त्यांनी जे काही घेतलं ते कानानं. सगळं ऐकून आधी हसले. म्हणाले, माझ्यापुढं कंदील लावून कुराण ठेवलं असतं तर सगळं रॉकेल फुकट गेलं असतं. मग नीट सांगितलं. आपल्या पंथाच्या इमामांचं म्हणणं असं, की नमाजात बघून वाचणं म्हणजे नमाजाबाहेरच्या उस्तादाकडून धडा घेणं. नमाजात उभा राहिलेला माणूस शाळेत बसत नाही. मागचा माणूस शब्द सांगतो तो मात्र नमाजातच उभा असतो, म्हणून त्याचा चालतो. कोकणातल्यांचे इमाम निराळे, त्यांनी परवानगी दिली आहे, आणि त्यालाही जुना दाखला आहे. तेव्हा परकारांची नमाज खोटी म्हणू नये आणि बाबालालला हट्टी म्हणू नये. पण अल्लाबक्ष हनफी, मशीद हनफी, त्यानं रेहाल उचलून ठेवावी.

मी चंद्राबाईला घरी येऊन सांगितलं, की पुस्तकाला चालत नाही, माणसाला चालतं. ती म्हणाली, मग माणूस पाठवा. लिहिणारीला कधी कधी असं सुचतं.

तर हाफिजजी स्वतः येताहेत. गुडघे दुखतात म्हणून गेल्या वर्षापासून ते इथं पुढं उभे राहात नाहीत, इथल्या तरावीहला कराडचा हाफिज आणतात. मागच्या ओळीत उभं राहून तुला लुकमा द्यायला गुडघे पुरतील म्हणाले. केरबा शनिवारच्या गाडीनं घेऊन येईल. गर्दीत हात धर, पण धरलास असं त्यांना जाणवू देऊ नकोस. ते चिडतात.

आता तुझं. गाळलेल्या पानांचं तू मला लिहिलंस, मला कळून काय उपयोग. मी तर वाचतही नाही. ज्यांच्यापुढं गाळलीस त्यांना सांग. हाफिजजींना घेऊन उभा राहिलास आणि ते सांगितलं नाहीस, तर लोक म्हणतील, उस्ताद आल्यावर पोरगं सुधारलं, आणि गाळलेलं गाळलेलंच राहील. लाज वाटेल. वाटू दे. डोळे दुखतात असं सांगून आलास तर मी खरंच डोळ्यांत कांदा पिळीन.

लोभ वाढता नसला तरी आहे तेवढा टिकव. दादी.


सांगली
ता. १६ सप्टेंबर १९४४

तीर्थरूप दादीस सलाम, काकूंना नमस्कार. वि. वि.

काल रात्री कुराण पुरं झालं. एवढे दिवस पत्र लिहिलं नाही, कारण दिवसभर पाठ करत बसत होतो. आता क्रमानं सांगतो.

उस्ताद आले त्या संध्याकाळी रोजा सोडल्यावर मी पडवीतल्या आणि आतल्या दोन्हीकडच्या लोकांना थांबायला सांगितलं आणि दोन रात्री मी कुठं कुठं गाळलं ते बोलून टाकलं. ते भाग आधी म्हणेन, मग पुढं जाईन असंही सांगितलं. मग बाबालाल म्हणाले, म्हणजे आम्हाला कच्चं जेवण वाढलंस आणि आम्ही ढेकर दिली. लोक हसले. परकारशेठनी स्वतः उठून रेहाल मिटली, कुराण वर कोनाड्यात ठेवलं आणि म्हणाले, घरी मी माझ्या पद्धतीनं करीन, इथं मी तुमच्या पंगतीला आहे. बाबालाल यांनी त्यांना आपल्या शेजारी उभं करून घेतलं. पडवीतल्या चटया आत आल्या.

पहिल्या काही रात्री उस्तादांनी मला दोनदा अगदी नेमका लुकमा दिला. शब्द कानावर पडला की पुढची वाट उजळायची. बाकी मी चाललो.

त्यानंतर एका रात्री मी न अडता म्हणत असताना मागून लुकमा आला. दादी, तो चुकीचा होता. कुराणात काही आयती, म्हणजे ओळी, अगदी एकमेकींसारख्या आहेत, उंब्रजच्या फाट्यावर वाट चुकावी तसं होतं, एका सुरेतून माणूस न कळत दुसरीत शिरतो. मी बरोबर सुरेत होतो, उस्ताद दुसरीत गेले होते. मी म्हणत होतो तेच पुढं म्हणालो. त्यांनी पुन्हा सांगितलं, जास्त मोठ्यानं. लहानपणापासून ज्यांनी सांगितलं तेच बरोबर असं मानलं, ते चुकत होते आणि मी चुकत नव्हतो. चुकीचं घेतलं असतं तर वाचन बिघडलं असतं. म्हणून तीच आयत मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो, हळू, ते गप्प होईपर्यंत.

मागच्यांना काय वाटणार. त्यांना वाटलं, हाफिज पुन्हा अडला आणि उस्तादांनी ओढून काढला. बाहेर आल्यावर बाबालाल माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, म्हातारं नसतं तर आज पडला होतास गड्या. उस्ताद शेजारीच बसले होते. ते म्हणाले, पोर लवकर सावरलं. मी हो म्हणालो.

त्यानंतर जवळजवळ रोज असं झालं. लोक मला धीर देतात, पुढच्या वर्षी पक्का होशील म्हणतात. एकाच महिन्यात दोनदा असं झालं, की लोकांना जे वाटतं ते खरं नाही आणि मी गप्प. पहिल्यांदा गप्प बसलो तेव्हा गुन्हा वाटत होता. आता गप्प बसतो ते काय आहे, मला कळत नाही.

काल शेवटच्या लहान सुरा म्हणून पुरं केलं. दुआ झाली, लोक एकमेकांना भेटत होते. उस्तादांनी माझी बाही ओढून जवळ घेतलं आणि हळूच विचारलं, की आपला कितवा सिपारा चालू आहे. मी त्यांच्या कानात सांगितलं, की पुरं झालं. ते म्हणाले, व्हय, व्हय, मी तुझी परीक्षा बघत होतो.

इथल्या लोकांनी मला इमाम म्हणून आणि पोरांना शिकवायला ठेवून घेतलं आहे. बाबालाल म्हणाले, जो कच्चं वाढल्याचं कबूल करतो त्याच्या हातचं खायला हरकत नाही. ईदला मला इथंच राहावं लागेल. उस्ताद उद्या केरबाभाऊंबरोबर निघतील. गावात मी काय सांगू, की कोणालाच काही न सांगू, ते तुम्ही सांगा. हे पान काकूंनी फक्त तुम्हालाच वाचून दाखवावं.

लेकरावर सावली असू द्यावी.

आपला अल्लाबक्ष


रहिमतपूर
ता. २२ सप्टेंबर १९४४

चिरंजीव अल्लाबक्ष यास दादीचे आशीर्वाद आणि शिळ्या ईदचा ताजा मुबारक. वि. वि.

तुझं पत्र चंद्राबाईनं दार लोटून वाचलं. शेवटी तिला नाक ओढावं लागलं, मी पडशाचा काढा दिला. ती कोणाला सांगणार नाही. मास्तरांनाही नाही, त्यांच्या पोटात तर शाळेची सुट्टीसुद्धा राहात नाही.

हाफिजजी पोचले. त्याच दिवशी ओसरीवर माणसं जमली आणि त्यांनी सगळी हकीकत सांगितली. अल्लाबक्ष गुणी आहे, आवाज गोड आहे, पण पाठ कच्ची, मी मागं होतो म्हणून निभावलं. रोज लुकमा द्यावा लागला, म्हणाले. दुसऱ्या दिवशी मणेरांची हुसेनबी मला भेटायला आली, ती मुद्दाम दुःखी चेहरा करून. तुला आता गावात हाफिज म्हणताना लोक जरा थांबून म्हणतात. मी कोणाला उलट बोलले नाही. तुझी अब्रू थोडी कातरली गेली आहे हे खरं. पण तरण्या माणसाची अब्रू केसासारखी असते, कातरली तरी वाढते. म्हाताऱ्याच्या डोक्यावर पुन्हा काय उगवायचं आहे?

त्यांचे गुडघे कसे आहेत ते मी नीट बघितलं. मशिदीच्या पायऱ्या ते काठी न टेकता चढतात. तेव्हा गेल्या वर्षी पुढं उभं राहायचं का सोडलं ते मला कळलं, आणि त्यांनाही ते ठाऊक आहे हेही कळलं. ठाऊक असून ते तुझ्यासाठी सांगलीला आले. त्यामुळं त्यांनी तुझी परीक्षा बघत होतो म्हटलं ते तू खरं धर. गप्प बसणं काय आहे ते तू विचारलंस. ते मला मौलवीसारखं सांगता येणार नाही. पहिल्या खेपेला तू स्वतःला झाकत होतास, आता दुसऱ्याला झाकतो आहेस. पांघरूण तेच आहे, निजलेला निराळा.

ईदच्या दुपारी त्यांना मी जेवायला बोलावलं होतं. पोटभर जेवले, हात धुतले, सुपारी घेतली, आणि मग अगदी शांतपणे विचारलं, की हुसेनबी, आज जेवायला काय केलंस. मी म्हटलं, आत्ता वाढते. शीरखुर्म्याची वाटी पुन्हा भरून दिली. ती संपवली, म्हणाले, लय झालं गं, भूकच नाही आज. आता रोज दुपारी त्यांचं ताट माझ्याकडं. त्यांना सांगितलं आहे, की मी एकटी जेवत नाही, अन्न गोड लागत नाही. त्यांनी मोठ्या मनानं मान्य केलं.

बकरी ईदला येशील तेव्हा त्यांच्यापुढं बसून पाठ म्हण. मधे कुठं चुकीचं सांगितलं तर तिथं वाद नको, सांगलीत केलंस तसंच कर, तेच पुन्हा म्हण. त्यांचं त्यांना सापडलं तर बरं, नाही सापडलं तरी आवाज तर कानावर पडेल. आणि सांगलीच्या पोरांना शिकवताना छडी कमी वापर, तुला ती किती लागली ते मला आठवतं.

परकारशेठना आणि बाबालालना माझा सलाम सांग. आमच्याकडची चटणी कोकणातल्या माणसाच्या जिभेला कशी रुचली याचं मला अजून कौतुक वाटतं.

जीव लावलेला आहे, तो सोडवून घेऊ नकोस. दादी.

ता. क. केरबा येत्या शनिवारी तिकडं येईल, त्याच्याजवळ पाव शेर बदाम पाठव. जुने, कडवट निघतात ते नकोत, दुकानदारापुढं एक फोडून चाखून घे. रात्री भिजत घालून सकाळी सोलून देत जाईन. पुडीवर हुसेनबी आतार, आतार गल्ली असं माझंच नाव घाल. कोणी विचारलं तर म्हातारीला विसर पडायला लागला आहे म्हणून मागवले, असं मी गावात सांगून ठेवलं आहे. बदामाबरोबर थोडी खडीसाखरही टाक, हाफिजजींना नुसते बदाम खाववत नाहीत.